ठाण्याचा पाऊस शून्य, वाशी-बेलापूरचे आकडे तंतोतंत सारखे: एक्सअरेचा बग नोंदवण्याआधी काय तपासायचं

ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यातल्या पावसावर प्रकल्प करणारी मुलंमुली दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "ताई, एक्सअरेत बग आहे." एक्सअरे ही पायथनची मुक्तस्रोत लायब्ररी. अक्षांश, रेखांश, वेळ अशा नावांच्या मित्या असलेले मोठे तक्ते ती हाताळते आणि हवामानाच्या अभ्यासात तिच्यावाचून पान हलत नाही. २०१४ साली ती खुली झाली. तिच्यात बग असतात, सापडतात, दुरुस्तही होतात. पण माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक फाइलच्या, तारखेच्या किंवा निवडीच्या निघतात. उरलेल्या थोड्या खऱ्या असतात आणि त्या नीट नोंदवल्या जाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण "चालत नाही, मदत करा" एवढ्यावर नोंदवलेला खरा बगही महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो.

लक्षणं

यातलं एखादं दिसत असेल तर पुढचं वाचा.

- ठाण्याभोवतीचा चौकोन निवडला, पण हाती आलेल्या तक्त्यात अक्षांशाची लांबी ० आहे. एररही नाही.
- वाशी आणि बेलापूर यांचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे.
- अक्षांश फाइलमध्ये डोळ्यांना दिसतोय, तरी कीएरर ("असं लेबल नाही" असा एरर) येतो.
- २६ जुलै २००५ चा पाऊस शोधला आणि भलताच कमी निघाला.
- दोन डेटासेटची वजाबाकी केली, उत्तर रिकामं.
- जिथे माहितीच नाही तिथे पावसाची बेरीज ० मिमी.
- फाइल उघडतच नाही, किंवा लिहून पुन्हा उघडली की आकडे बदललेले.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या काहींना पाच-दहा मिनिटं लागतात, शेवटच्यांना अख्खी संध्याकाळ जाते.

आधी नोटबुक कोरं करा

कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथन) रीस्टार्ट करा आणि वरपासून खालपर्यंत सगळे सेल क्रमाने चालवा. नोटबुकमध्ये सेल मागेपुढे चालवले की एखाद्या नावात तासाभरापूर्वीचा डेटा शिल्लक राहतो आणि पडद्यावरचा कोड वेगळाच दिसतो. रीस्टार्टनंतर तक्रार नाहीशी झाली तर विषय तिथेच संपला.

आवृत्ती बघा

एक्सअरेमध्ये शो_व्हर्जन्स नावाचं फंक्शन आहे. एक्सअरे ज्यांच्या आधाराने चालतं ती पॅकेजं म्हणजे नमपाय, पांडाज, डास्क (मोठा डेटा तुकड्यांत हाताळणारं), नेटसीडीएफ४; त्यांच्या आणि एक्सअरेच्या आवृत्त्या ते एका दमात छापतं. २०२२ च्या मार्चपासून एक्सअरेच्या आवृत्तीचा क्रमांक वर्षाने सुरू होतो. तुमच्याकडे ०.१९ किंवा ०.२० दिसत असेल तर ती २०२१ मधली आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकांवर हे सर्रास दिसतं. तिथली व्यवस्था बिघडवू नका. एक नवं, वेगळं एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजांचा स्वतंत्र संच) करा, त्यात ताजी आवृत्ती टाका आणि तोच कोड चालवा. जुन्या आवृत्तीतला बग आज कोणी दुरुस्त करणार नाही. तो कदाचित केव्हाच दुरुस्त झालेला असेल.

एररमध्ये "नमपाय डीटाइप साइझ चेंज्ड" अशा अर्थाची ओळ असेल तर एक्सअरेकडे वळूच नका. नमपायची २.० आवृत्ती २०२४ च्या जूनमध्ये आली. जुन्या नमपायवर बांधलेली पॅकेजं तिच्याशी जुळत नाहीत. नवं एन्व्हायर्नमेंट हाच इलाज.

फाइल खरंच नेटसीडीएफ आहे का

नेटसीडीएफ हा हवामानाचा डेटा साठवायचा फाइल-प्रकार. नावाच्या शेवटी एनसी असलं म्हणून फाइल तशी असतेच असं नाही. लोकलमध्ये बसून मोबाइलच्या नेटवर उतरवलेली फाइल अर्धवट असू शकते, किंवा तिच्या पोटात लॉगिनचं वेबपान असू शकतं. आकार बघा, अपेक्षा ४०० एमबीची आणि हाती काही केबी, तर पुन्हा उतरवा. युरोपच्या कोपर्निकस डेटा स्टोअरवरून एरा५ (युरोपीय केंद्राने प्रारूपातून काढलेला जगभरच्या हवामानाचा डेटा) घेताना तात्कालिक (जसं तापमान) आणि बेरजेची (जसा पाऊस), अशी दोन्ही प्रकारची चलं एकत्र मागितली तर झिप मिळते आणि आत दोन फायली असतात. त्याच नव्या फायलींत वेळेच्या मितीचं नाव टाइम नसून व्हॅलिड_टाइम असतं. जुना कोड तिथे अडखळतो. "बॅकएंड सापडला नाही" असा एरर असेल तर नेटसीडीएफ४ किंवा एच५नेटसीडीएफ हे पॅकेजच बसवलेलं नाही.

डेटासेट छापून नीट वाचा

प्रिंट करून मिती, क्रम, एकक आणि रिकाम्या जागांची खूण हे चारही बघा. वरच्या लक्षणांपैकी निम्मी इथेच उलगडतात.

एरा५ मध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातात, ९० पासून उणे ९० पर्यंत. त्यामुळे १८ ते २० असा स्लाइस (पट्टा) मागितला की रिकामं उत्तर येतं. २० ते १८ मागा, ठाणे जागेवर सापडेल. हा बग नाही. पांडाजच्या इंडेक्सचा हाच नियम आहे: स्लाइस ज्या दिशेने इंडेक्स जातो त्याच दिशेने द्यायचा. दर वेळी दिशा आठवत बसण्यापेक्षा फाइल उघडल्याबरोबर अक्षांशावर सॉर्टबाय करून टाका.

एरा५ मधला एकूण पाऊस मीटरमध्ये असतो. ०.०५ दिसलं तर ते ५० मिमी आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पाव अंशाच्या दैनिक जाळीत (ठराविक अंतरावरच्या बिंदूंच्या तक्त्यात) एकक मिमी आहे, जाळी ६.५ ते ३८.५ उत्तर आणि ६६.५ ते १०० पूर्व एवढीच आहे, आणि जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९ भरलेलं असतं. बायनरी फाइल स्वतः वाचत असाल तर ते उणे ९९९ तुम्हालाच काढून टाकावं लागतं. ते राहून गेलं तर सरासरी पाऊस उणे येतो आणि पोरं लायब्ररीला बोल लावतात.

याचीच उलटी बाजू: ही जाळी जमिनीपुरती आहे, उणे ९९९ काढल्यावर समुद्रावर सगळं नॅन, म्हणजे "आकडा नाही" ही खूण. एक्सअरेची बेरीज नॅन वगळते आणि वगळल्यावर काहीच उरलं नाही तर ० देते. म्हणून अरबी समुद्रावर हंगामभराचा पाऊस शून्य. बेरजेला मिन_काउंट १ द्या, मग नॅन नॅनच राहील.

वाशी आणि बेलापूर सारखे का

पाव अंशाचा एक चौकोन आपल्याकडे उत्तर-दक्षिण साधारण २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २६ किलोमीटरचा. वाशीचा अक्षांश १९.०८, बेलापूरचा १९.०२, दोघांनाही जवळचा बिंदू १९.०० उत्तर, ७३.०० पूर्व हाच. म्हणून आकडे सारखे. ठाणे स्टेशन १९.१९ च्या आसपास, म्हणून त्याला १९.२५ चा बिंदू मिळतो. ऐरोलीही ठाण्याच्याच चौकोनात जाते, कोपरखैरणे मात्र बेलापूरच्या. मधली घणसोली जवळजवळ सीमेवरच आहे. अक्षांश किंचित वेगळा लिहिला तर तिचा चौकोन बदलू शकतो. नवी मुंबईतल्या प्रत्येक नोडचा वेगळा पाऊस या जाळीतून मिळणार नाही, लायब्ररी कितीही नवी घातली तरी.

जवळचा बिंदू (निअरेस्ट) मागताना टॉलरन्सही, म्हणजे किती अंतरापर्यंतचा चालेल तेही, द्या. तो नसेल तर एक्सअरे कितीही लांबचा बिंदू "जवळचा" म्हणून मुकाट देतं. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली असली तरीही.

अक्षांश दिसतो आणि तरी कीएरर येतो, तेव्हा बहुतेक तो आकडा ३२ बिटांत साठवलेला असतो. पाव अंशाच्या पटी संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत अचूक बसतात, म्हणून एरा५ मध्ये हा त्रास जाणवत नाही. पण ०.१ अंशाच्या उपग्रहीय जाळीत, उदाहरणार्थ नासाच्या आयमर्ग या पावसाच्या डेटात, १९.०५ हा ३२ बिटांतला आकडा आणि तुम्ही टाइप केलेला ६४ बिटांतला १९.०५ एकसारखे नसतात. इथेही निअरेस्ट आणि टॉलरन्स, किंवा अक्षांश ६४ बिटांत बदलून गोल करणं, यांनी काम होतं.

तारीख: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

२६ जुलै २००५. ठाणे-मुंबईत त्या दिवशी जो होता त्याला तारीख सांगावी लागत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, त्याच काळात कुलाब्याला ७३ मिमी. प्रकल्पाला बसलेली मुलं पहिल्यांदा हीच तारीख तपासतात, आणि भारतीय दैनिक जाळीत २६ जुलैला तो पाऊस त्यांना सापडत नाही.

आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. २६ तारखेच्या दुपारी कोसळलेला पाऊस २७ जुलैच्या नोंदीत आहे. फाइल बरोबर आहे, एक्सअरेही बरोबर आहे.

आता त्याची तुलना एरा५ शी करायची म्हटलं तर अजून एक पायरी येते. एरा५ ची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि प्रत्येक तासाचा पाऊस तो तास संपतो त्या वेळेवर लिहिलेला असतो. आपले साडेआठ म्हणजे यूटीसी पहाटेचे ३. त्यामुळे भारतीय २७ जुलै म्हणजे एरा५ मधल्या २६ तारखेच्या ४ वाजल्यापासून २७ तारखेच्या ३ वाजेपर्यंतच्या चोवीस नोंदींची बेरीज. रीसॅम्पल करताना (तासांचे दिवस करताना) ऑफसेट ३ तास, बंद बाजू उजवी आणि लेबलही उजवं द्यावं लागतं. साधं "एक दिवस" लिहिलं तर यूटीसी मध्यरात्रीचा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचचा दिवस धरला जातो.

हे सगळं केलं तरी एरा५ मध्ये ९४४ शोधू नका. तो मापकाचा एका जागेचा आकडा. एरा५ चा आकडा प्रारूपातून काढलेला आणि अख्ख्या चौकोनासाठीचा.

यापुढचा सापळा जास्त फसवा आहे. बेरीज करून झालेल्या एरा५ च्या लेबलांवर आता पहाटेचे ३ लिहिलेले असतात, भारतीय फाइलच्या लेबलांवर मध्यरात्रीचे ०. दोन तक्ते वजा करताना एक्सअरे फक्त दोन्हीकडे जुळणारी लेबलं ठेवतं, बाकीची गाळतं. इथे एकही जुळत नाही, म्हणून उत्तर रिकामं, आणि एररही नाही. एरा५ ची लेबलं दिवसाच्या सुरुवातीला फ्लोअर करा, मग वजाबाकी होईल. याबरोबर एक कायमची सवय लावा: प्रकल्पाच्या पहिल्याच सेलमध्ये सेट_ऑप्शन्स वापरून अरिथमेटिक_जॉइन "एक्झॅक्ट" करून ठेवा. मग लेबलं जुळली नाहीत की एक्सअरे गप्प न राहता एरर देईल. मी शिकवते त्या प्रत्येकाला हे करायला लावते, कारण रिकामं उत्तर निदान दिसतं. अर्धी लेबलं गळाली तर सरासरी निघते, आलेख निघतो, आणि चूक अहवालात छापली जाते.

हवामान प्रारूपांच्या फायलींत दिनदर्शिकाच वेगळी असू शकते. काहींत वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना तीसचा. तिथे ३१ जुलै नाहीच. वेळेचा एन्कोडिंगमधला कॅलेंडर एकदा बघून घ्या.

लिहून पुन्हा उघडली की आकडे बदलतात

अनेक जुन्या फायलींत आकडे १६ बिटांच्या पूर्णांकांत दाबून ठेवलेले असतात, सोबत एक गुणक आणि एक बेरजेचा आकडा. दर महिन्याच्या फाइलचा गुणक वेगळा असतो. अनेक महिने एकत्र उघडून लिहिताना पहिल्या फाइलचा गुणक सगळ्यांना लागू शकतो, आणि जे आकडे त्या मापात मावत नाहीत ते बिघडतात. जुलैचा मुसळधार पाऊस नेमका असाच बिघडतो. लिहिण्याआधी ड्रॉप_एन्कोडिंग करा. आधी आणि नंतर कमाल आकडा छापून ताडून बघा.

शेवटच्या दशांशातला फरक असेल तर तो सोडून द्या. डास्कने तुकड्यांत केलेली बेरीज आणि सलग केलेली बेरीज यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे एवढा फरक पडतोच. ३२ बिटांच्या मोठ्या तक्त्यात तो वाढू शकतो. ६४ बिटांत बदलून पुन्हा मोजा.

एररचा माग खालून वर वाचा

शेवटच्या काही ओळी कोणत्या पॅकेजच्या फोल्डरमधल्या आहेत? पांडाजच्या असतील तर तेच काम नुसत्या पांडाजमध्ये करून बघा, नमपायच्या असतील तर नुसत्या नमपायमध्ये. तिथेही तेच होत असेल तर तक्रार त्या प्रकल्पाकडे जायला हवी. चुकीच्या दारात दिलेली तक्रार तुमचे आणि त्यांचे, दोघांचे दिवस खाते.

छोटं उदाहरण बनवा

इथपर्यंत येऊनही तक्रार टिकली असेल तर ती गंभीरपणे घ्या. आता खरी मेहनत.

ध्येय एवढंच: दहा-पंधरा ओळींचा कोड, जो कोणीही, कुठेही, तुमच्या फाइलशिवाय चालवला तरी तीच चूक दाखवेल. कांदा सोलावा तसा एकेक थर काढत जायचं. आधी आयसेल (क्रमांकाने निवड) वापरून तक्ता दोन-तीन बिंदूंपुरता छोटा करा. चूक टिकली? मग पावसाचे आकडे काढून त्या जागी ०, १, २, ३ भरा. टिकली? मग एकेक ओळ काढा: आलेख, नावं बदलणं, एककांचा गुणाकार. जी ओळ काढल्यावर चूक नाहीशी होते ती परत घाला आणि दुसरी काढा. डास्कशिवाय करून बघा. शेवटी कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, जमलं तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवा.

खरा डेटा लागतच असेल तर एक्सअरेच्या ट्युटोरियलमध्ये एअर_टेम्परेचर नावाचा तयार डेटासेट आहे. तो सगळ्यांना एका ओळीत उघडता येतो आणि त्याचेही अक्षांश उतरते आहेत.

एक खबरदारी. चूक फाइल वाचण्यातली असेल तर फाइल एक्सअरेने उघडून छोटी करून पुन्हा लिहू नका. लिहिताना एन्कोडिंग बदलतं आणि चूकच पुसली जाते. अशा वेळी मूळ संस्थेकडूनच एका दिवसाची छोटी फाइल मिळवा आणि एनसीडम्प या साधनाने काढलेलं तिचं हेडर (मिती, चलं, एककं यांची यादी) जोडा.

ही पायरी टाळण्याचा मोह फार होतो. पण लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाला वाशीचा पाऊस, तुमचं फोल्डर, तुमच्या सरांनी दिलेला कोड यातलं काहीच माहीत नसतं. बहुतेक जण आपली नोकरी किंवा संशोधन करून हे काम करतात. चालणाऱ्या दहा ओळी मिळाल्या तर ते थेट दुरुस्तीला बसतात. आणि सोलता सोलता निम्म्या वेळा चूक आपल्याच ओळीत सापडते.

अजून ताकद असेल तर जुन्या आवृत्त्या बसवून बघा: कोणत्या आवृत्तीपर्यंत बरोबर चालत होतं, कोणत्या आवृत्तीपासून बिघडलं. ही एक ओळ नोंदीत असली की दुरुस्ती फार लवकर होते.

कुठे थांबायचं आणि कोणाला हाक मारायची

छोटं उदाहरण ताज्या आवृत्तीत, बनावट आकड्यांवरही चुकतंय: इथे थांबा. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये शिरून तिच्या फायली बदलू नका. तुमच्या संगणकापुरतं भागेल, पण निकाल दुसऱ्या कोणाला पुन्हा काढता येणार नाहीत. गिटहबवर (एक्सअरेचा कोड आणि बगच्या नोंदी जिथे असतात त्या संकेतस्थळावर) आधी शोधा, तीच नोंद असेल तर तिच्याखाली आपलं उदाहरण जोडा. नसेल तर नवी नोंद करा: काय झालं, काय अपेक्षित होतं, छोटा कोड, पूर्ण एरर, शो_व्हर्जन्सचं सगळं आउटपुट. एका नोंदीत एकच चूक. कोड मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनशॉट नको. "हे कसं करायचं" असा प्रश्न असेल तर तो बगमध्ये न टाकता चर्चेच्या विभागात विचारा. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीपायी नोंद करायला बिचकतात. बिचकू नका, साधी तीन वाक्यं पुरतात, बाकीचं कोड सांगतो. न चालवलेला, कुठून तरी तयार करून घेतलेला कोड मात्र कधीही चिकटवू नका.

पायथन कसलाही एरर न देता थेट बंद पडतंय: हे बहुतेक खालच्या सी भाषेतल्या लायब्रऱ्यांतलं असतं. स्वतः खोदू नका, आवृत्त्यांसह नोंदवा. सामाईक सर्व्हरवर असेल तर आधी तिथल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला सांगा.

दुसऱ्या साधनाने उघडली तरी फाइलमधले आकडेच चुकीचे: डेटा देणाऱ्या संस्थेला कळवा. भारतीय जाळीसाठी हवामान विभागाचं पुणे कार्यालय, एरा५ साठी युरोपीय केंद्राचा मदत कक्ष. एक्सअरेवाले यात काही करू शकत नाहीत.

आणि तुमच्या आकड्यावरून नाल्याची रुंदी, मोरीचा आकार किंवा सोसायटीचा पंप ठरणार असेल, तर कोड बरोबर असला तरी थांबा आणि जलविज्ञानाच्या अभियंत्याला दाखवा. २६ किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी कळव्याच्या एका नाल्याला लावणं धोक्याचं आहे.

नोंद केल्यावर तिच्याकडे लक्ष ठेवा. सांभाळणारे प्रश्न विचारतात. उत्तर नसेल तर नोंद बंद होऊ शकते. तोवर प्रकल्पात जी आवृत्ती बरोबर चालते तिचा क्रमांक पक्का लिहून ठेवा. दुरुस्ती आली की तुमचं छोटं उदाहरण नव्या आवृत्तीवर चालवा, चाललं की नाही ते तिथेच कळवा, आणि मग प्रकल्पातली तात्पुरती पळवाट काढून टाका.